छप्पन्न अंश

उद्यमबागेच्या मागल्या गल्लीत आमची भट्टी.
शेजारी सगळे लोखंड वितळवतात.
आम्ही लाकूड तापवतो,
खानापूरचा सिल्व्हर ओक, आंबा, कधी फणसाच्या फळ्या,
ज्यांच्या खोक्यांत बसून बिडाचे पंप
हॅम्बुर्गला जातात.

गाभ्यापर्यंत छप्पन्न अंश, सलग तीस मिनिटं.
मधे वीज गेली तर पहिल्यापासून.

भरमाण्णा झंगरुचे फळीला भोक पाडतो,
तापमापकाची तार आत सारतो, तोंड लांबीनं बुजवतो.
"भिरूड काय उंबऱ्यावर बसत नाही, बाई,
ते माजघरात बसतंय."

"पण छप्पन्नच का? कोण ठरवलं?"
सागर हलगेकर, आयटीआय करून नवा आलेला.
मी कागदात वाचलं होतं तेवढं सांगितलं:
रोममधे एक मोठी खोली आहे.
मसुदा निघतो, देशोदेशी फिरतो.
कुणी म्हणतं, सालीचा तुकडा तीन सेंटिमीटरहून रुंद नको.
कुणी स्वल्पविराम हलवतं.
'असलेच पाहिजे' की 'असावे',
यावर दुपार जाते.
एखाद्या देशानं हरकत घेतली, कारण देऊन,
की मसुदा मागं, पुढच्या वर्षावर.
हात मोजत बसत नाहीत.
कुणीच नाही म्हणत नाही, तेव्हा मंजूर.

भरमाण्णा पोत्यावर टेकला.
"एकानं नाही म्हटलं तर थांबत्यात?"
"थांबतात."
भट्टीचा पंखा तेवढा वाजत राहिला.
"आमचं बी एक छप्पन्न हाय," म्हणाला.
"त्या साली बा माझा नाही म्हणाला होता.
अख्खा गाव म्हणाला."
मी चार्टचा कागद सरळ केला,
तो सरळच होता.

ते नियम सहा भाषांत छापतात.
त्यात मराठी नाही.
हिरेमठ साहेब तपासणीला आले तेव्हा मुद्दाम सांगितलं,
कानडीही नाही, सर.
"हौदा?" म्हणाले, चष्मा पुसला,
भरमाण्णाचा चहा बशीत ओतला.
ते कानडीत विचारतात, हा मराठीत उत्तर देतो.
अकरा वर्षं असंच चाललंय,
कुणी हरकत घेतलेली नाही.

मंगळवारी चौथी तार पंचावन्न पूर्णांक आठवर अडली.
बाकीच्या तिन्ही पार.
बाहेर ट्रक उभा, ड्रायव्हर टायरला लाथा मारतोय,
आणि फोनवर अष्टेकर मालक:
"दोन दशांश हॅम्बुर्गात कोण बघालाय? शिक्का मार की!"
भरमाण्णानं शिक्क्याचा पत्रा पोत्याखाली सारला
आणि त्यावर बसला.
"असले छप्पन्न मालक बघितल्यात," म्हणाला,
फोन बंद झाल्यावर. मालकाचा मान ठेवून.

कोपऱ्यात एक जुनी फळी आहे, दाखवायला ठेवलेली.
भोक टाचणीएवढं, खाली पिठासारखा भुसा.
सागर तिच्यावर नख टोकरत म्हणाला,
"याला काय, सीमा कळत नाही. शिनोळीचा नाका नाही, काही नाही."
"त्याला विचारलंय कोण?" भरमाण्णा म्हणाला.
"त्याला बी त्या खोलीत बोलावलं नव्हतं."

तीन वाजून दहा मिनिटांनी
चौथी रेघ छप्पन्नच्या वर गेली.
भरमाण्णानं मनगटातलं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं,
भिंतीवरच्यावर त्याचा विश्वास नाही.
अर्धा तास कुणीच बोललं नाही.

मग पत्रा, मग शाई.
देशाची अक्षरं, आमचा नंबर,
चौकटीत गव्हाचं कणीस.
भरमाण्णा त्याला लोंबी म्हणतो.
लोंबी भाताची, मी एकदा सांगितलं होतं,
गव्हाची ती ओंबी.
"आमच्याकडं भातच पिकतंय," म्हणाला,
आणि पुढच्या फळीवर पत्रा धरला.